अप्पांची दातखीळ

अप्पांना पॅरालिसिस झाल्याची बातमी सोसायटीत पसरली, तेव्हा अप्पा दोन्ही हातांत भाजीच्या पिशव्या घेऊन जिना चढत होते. लिफ्ट बंद होती. पहिल्या मजल्यावर त्यांना चेअरमन भेटले. चेअरमन म्हणजे निवृत्त पोस्टमास्तर. निवृत्तीला बरीच वर्षं झाली, तरी समोरच्या माणसाकडे बघताना त्याच्यावरचा पत्ता अपुरा आहे असाच चेहरा करायचे. हातात सफरचंदांची पिशवी घेऊन ते अप्पांनाच भेटायला निघाले होते.

"अहो, तुम्ही चालताय?" पोस्टमास्तर पायरीवरच थबकले.

"लिफ्ट बंद आहे. मग काय उडू?"

"आणि बोलताय पण! तोंड वाकडं नाही झालं?"

आता होऊ लागलं होतं. अप्पांनी पिशव्या खाली ठेवल्या. पोस्टमास्तर जवळ आले आणि आवाज खाली आणून म्हणाले, "कोणत्या बाजूला आहे?"

"काय कोणत्या बाजूला?"

"अर्धांग हो."

झालं होतं ते असं. अप्पांच्या बायकोनं, म्हणजे सगळ्या सोसायटीच्या काकूंनी, सकाळी गेटपाशी कुणाला तरी सांगितलं होतं, "ह्यांचं पॅरालीगलचं सुरू झालंय." वाक्य सरळ होतं. पण पॅरालीगल हा शब्द काही रोज कानावर पडणारा नाही, आणि 'सुरू झालंय' हे शब्द तर रोगालाच जास्त शोभतात. बातमी गेटवरून तिसऱ्या मजल्यावर पोचेपर्यंत अप्पांची डावी बाजू गेली होती, आणि पाचव्या मजल्यावर ते माणसं ओळखेनासे झाले होते.

संध्याकाळपर्यंत घरात फळांचा ढीग लागला. अप्पा "मी धडधाकट आहे" म्हणाले की लोक एकमेकांकडे बघत. आजार मान्य नसणं हेही एक लक्षण असतं म्हणे. एका बाईंनी अप्पांच्या देखत काकूंचा हात हातात घेतला आणि "धीर सोडू नका, व्यायामानं सुधारतं" असा दिलासा दिला. काकूंनी तो घेतलाही. खरा प्रकार कळल्यावर एकट्या पोस्टमास्तरांनी आपली सफरचंदं परत नेली. अप्पांच्या मनाला ते फार लागलं. रोग नसला म्हणून काय माणसानं फळ खाऊ नये?

तर खरा प्रकार असा. अप्पा ज्या पंपांच्या कारखान्यात गोदाम सांभाळायचे, तो कारखाना दुसऱ्या गावी गेला आणि अप्पा इथेच राहिले. घरी बसून त्यांनी पहिल्या आठवड्यातच काकूंना भांडी लावण्याची शास्त्रशुद्ध पद्धत सांगितली, मुलीला नोकरीत बढती कशी मिळवावी ते सांगितलं आणि केस कापणाऱ्याला कात्री कशी धरावी तेही सांगितलं. अप्पांना सल्ला द्यायला विषय लागत नसे. समोर माणूस असला की पुरे. शेवटी मुलीनं कुठूनशी जाहिरात आणली. वकिलांच्या मदतनिसांचा अभ्यासक्रम, संध्याकाळचे वर्ग, वयाची अट नाही.

"बाबा, तुम्हाला कागदपत्रं नीट ठेवता येतात. हे बघा जमतंय का," ती म्हणाली. काकूंनी लगेच प्रवेशासाठी लागणारे फोटो शोधून आणले, आणि प्रवेश व्हायच्या आधीच गेटपाशी ती बातमी सांगूनही टाकली. इतक्या लगेच, की अप्पांना जरा संशय आला.

पॅरालीगल म्हणजे वकिलाच्या कचेरीतलं निम्मं काम करणारा माणूस. अशिलाची माहिती लिहून घ्यायची, कागद जुळवायचे, तारखा लावायच्या, अर्जाचे कच्चे मसुदे करायचे. वकील करतो त्यातल्या दोनच गोष्टी त्याला करता येत नाहीत. एक, कोर्टात उभं राहून बाजू मांडणं. दुसरी, कायद्याचा सल्ला देणं. पहिलीची अप्पांना हौस नव्हती. दुसरीशिवाय ते आजवर एक दिवस जगले नव्हते. पण जाहिरातीत ही गोष्ट अगदी बारीक अक्षरात होती आणि अप्पांचा चष्मा जुना होता.

प्रवेशाच्या खिडकीत एक बाई बसल्या होत्या. त्यांनी अप्पांचे कागद उलटेपालटे केले. शाळेच्या दाखल्यावर अप्पांचं नाव आधी होतं, आडनाव शेवटी. ओळखपत्रावर आडनाव आधी, नाव नंतर.

"ही दोन माणसं एकच आहेत असं प्रतिज्ञापत्र लागेल," बाई म्हणाल्या.

"ते कसं करतात?"

"दुसऱ्या महिन्यात शिकवतात."

"पण मला पहिल्याच महिन्यात प्रवेश मिळत नाहीये."

"म्हणून तर प्रतिज्ञापत्र लागेल," बाई म्हणाल्या आणि खिडकी बंद करून जेवायला गेल्या.

अप्पा नोटरीकडे गेले. नोटरीनं विचारलं, "ओळख पटवायला कुणाला आणलंय?"

"मी स्वतः आलोय की."

"तुम्ही आलात हे दिसतंय. पण तुम्ही म्हणजे तुम्हीच, हे सांगणार कोण?"

ज्या माणसाला आख्खा कारखाना नुसत्या खोकल्यावरून ओळखायचा, त्याला हे ऐकून घ्यावं लागलं. दुसऱ्या दिवशी अप्पांनी पोस्टमास्तरांना गळ घालून आणलं. पोस्टमास्तरांनी नोटरीसमोर अप्पांकडे वरून खालपर्यंत बघितलं, रजिस्टर पार्सलाचं सील तपासावं तसं, आणि म्हणाले, "हेच ते. बहुतेक."

"बहुतेक चालणार नाही," नोटरी म्हणाला.

"नाही, हल्ली वाळल्यासारखे वाटतात म्हणून म्हटलं. मध्यंतरी पॅरालिसिस झाल्याचं ऐकलं होतं."

अखेर सही झाली. बाहेर आल्यावर पोस्टमास्तर अप्पांच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, "आता सोसायटीला घरचा वकील मिळाला." अप्पांना बरं वाटलं. त्यात पुढचं सगळं संकट होतं हे त्यांना कळायला वेळ लागला.

वर्ग एका फर्निचरच्या दुकानाच्या वरच्या मजल्यावर भरायचा. खालून रंधा मारल्याचा आवाज यायचा आणि भुसा जिन्यापर्यंत उडायचा. विद्यार्थी बहुतेक मुलीच्या वयाचे. शिकवणाऱ्या मॅडम अर्धं आयुष्य वकिलांच्या कचेऱ्यांत काढून आलेल्या. त्यांचा आवाज इतका हळू होता की रंधा थांबेपर्यंत वर्ग श्वास रोखून बसायचा. पहिल्या दिवशी त्यांनी फळ्यावर लिहिलं: तोंड बंद, कान उघडे, टेबल रिकामं.

"पहिलं सगळ्यात अवघड," त्या म्हणाल्या. "सल्ला द्यायचा नाही. कुणाला, कधीही, कितीही सोपा असला तरी."

अप्पांचा हात वर गेला. "पण मॅडम, उत्तर आपल्याला माहीत असेल तर?"

"मग तर दातावर दात ठेवून बसायचं."

मग त्यांनी एका मुलीला अशील केलं आणि अप्पांना कचेरीतला माणूस. मुलीनं रडायचं नाटक करत सांगितलं की घरमालक घर सोडायला सांगतोय. अप्पांना फक्त माहिती लिहून घ्यायची होती. त्यांनी पेन उघडायच्या आत मुलीला घर सोडू नकोस असं सांगितलं, मालकाशी कोणत्या शब्दांत बोलावं ते सांगितलं आणि डोळे फार चोळू नयेत, त्यानं बुबुळाला इजा होते, हेही सांगितलं. मॅडमनी शून्य गुण दिले.

"माझं काही चुकलं का पण?" अप्पांनी विचारलं. त्यांचे कान लाल झाले होते.

"कदाचित नसेल. पण वकिलाचा सल्ला चुकला तर त्याला जाब विचारता येतो. त्याची सनद जाऊ शकते. तुमचा चुकला, तर ती बाई रस्त्यावर येईल आणि तुम्ही 'अरेरे' म्हणाल. तुमच्याकडे द्यायला दुसरं काही नाही."

हे मात्र अप्पांच्या काळजाला भिडलं. गोदामात त्यांनी साधा वॉशरसुद्धा कुणाला सहीशिवाय दिला नव्हता. मालकाच्या जावयालाही नाही. आणि सल्ले मात्र जन्मभर मुठीमुठीनं वाटले, ना नोंद ना सही. त्या दिवशी घरी येताना ते प्रथमच रिक्षावाल्याला रस्ता न सांगता आले. रिक्षा भलतीकडे गेली, तरी बोलले नाहीत.

अप्पांनी सल्ला बंद केला आणि सोसायटीत त्यांच्या सल्ल्याला एकदम भाव आला. इतकी वर्षं ते जिन्यात दिसले की लोक चपला घालायचं निमित्त करून घरात परत जायचे. आता तेच लोक दारात उभे. कुणाच्या छतातून पाणी गळत होतं, कुणाच्या भावानं मृत्युपत्र दाखवलं नव्हतं, कुणाचा कुत्रा कुणाला चावला होता आणि दोन्ही बाजू एकाच संध्याकाळी आल्या होत्या, कुत्र्यासकट. अप्पा सगळ्यांना एकच सांगत, "मला सल्ला देता येत नाही. वकिलाला विचारा." लोकांना हे खोटं वाटायचं. शिकतोय कायदा आणि म्हणतो सांगता येत नाही, म्हणजे शिंगं फुटली दिसतात. चावलेल्या गृहस्थांनी तर जाताना कुत्र्याच्या मालकाला सांगितलं, "तुमचा कुत्रा परवडला."

पोस्टमास्तर सरळ विचारणाऱ्यांतले नव्हते. चहाचा कप हातात घेऊन ते म्हणाले, "असं समजा, माझा एक मित्र आहे."

"बरं."

"त्याच्या झोपायच्या खोलीत एका दातामुळे उजेड येतो."

मित्र कोण हे उघड होतं, आणि दात तर सगळ्या रस्त्याला ठाऊक होता. तळमजल्यावर दातांचे डॉक्टर होते. त्यांनी दवाखान्यावर माणसाएवढा दात लावला होता, आतून दिवे असलेला. अंधार पडला की तो पेटायचा. खालच्या हिरडीत काहीतरी बिघाड होता, त्यामुळे तो मधूनमधून लुकलुकायचा. दाताच्या बरोबर वर पोस्टमास्तरांची खिडकी. डॉक्टरांना सांगून सांगून त्यांनी दातांच्या कण्या केल्या होत्या. डॉक्टर हसून म्हणायचे, "पेशंटना लांबून दिसला पाहिजे ना."

"तो उतरवायला काही हरकत नाही ना? मित्राच्या सोसायटीनं ठराव केला तर?"

अप्पांच्या जिभेच्या टोकावर किमान चार वाक्यं आली. त्यांनी ती चहाबरोबर गिळली. "वकिलाला विचारा."

"मी तुमची ओळख पटवली होती," पोस्टमास्तर उठत म्हणाले. "आता पटत नाही. आणि एक दात उतरवायला वकील कशाला हवा? वेल्डर पुरे."

मंगळवारी सोसायटीची सभा झाली, ठराव झाला. दात येत्या रविवारी उतरवायचा. ठरावाखाली सेक्रेटरीची सही झाली. सोसायटीच्या सेक्रेटरी काकूच होत्या.

त्याच सुमारास अप्पांची कामावरची उमेदवारी सुरू झाली होती. अभ्यासक्रमाच्या शेवटी एखाद्या वकिलाच्या हाताखाली काम करावं लागतं, आणि अप्पा एका वकीलबाईंकडे लागले होते. बाई कामाला वाघ. चष्मा दोरीनं गळ्यात, टेबलावर कोरा चहा. टाचणीचा त्यांना भयंकर राग. अप्पांनी एका दाव्याच्या सगळ्या पानांना वरच्या कोपऱ्यात सुबक आकडे घातले. बाई म्हणाल्या, खाली घालतात. अप्पांनी वरचे खोडून खाली घातले. बाई म्हणाल्या, खाडाखोड चालत नाही. सगळ्या प्रती पुन्हा काढाव्या लागल्या, आणि त्या काढताना मशीनमध्ये अप्पांचा चष्म्याचा रुमाल गेला. तो काढायला मशीनवाल्याला बोलवावं लागलं. पण हळूहळू हात बसला. एकदा अप्पांनी लावलेली तारखांची जंत्री बघून बाई "ठीक आहे" म्हणाल्या. अप्पांनी घरी हे जेवताना सांगितलं, आणि हात धुताना पुन्हा सांगितलं.

गुरुवारी सकाळी बाईंनी त्यांच्यापुढे एक नवी फाइल ठेवली. "उद्या मनाईचा अर्ज दाखल करायचाय. कागद लावून द्या."

अप्पांनी फाइल उघडली. पहिल्याच पानावर दाताचा फोटो होता. त्याच्यामागे सोसायटीच्या ठरावाची प्रत, आणि तिच्याखाली ती सही, जी अप्पांनी आजवर किराण्याच्या चिठ्ठ्यांवर पाहिली होती.

अप्पांनी फाइल मिटली. चटका बसावा तसा हात मागे घेतला आणि फाइल दोन बोटांत धरून बाईंच्या टेबलावर नेऊन ठेवली. "बाई, हे मला करता येणार नाही. समोरच्या पार्टीची सेक्रेटरी माझी बायको आहे."

बाईंनी चष्मा लावून त्यांच्याकडे बघितलं. "कुठवर वाचलंत?"

"दातापर्यंत. आणि सही."

"बरं केलंत सांगितलंत ते. ही फाइल तुमच्या दृष्टीनं या कचेरीत नाही. घरी अवाक्षर काढायचं नाही. डॉक्टर आपल्याकडे आलेत एवढंसुद्धा नाही. जमेल?"

"जमेल," अप्पा म्हणाले. आयुष्यात एवढं अवघड वचन त्यांनी लग्नातही दिलं नव्हतं.

खबरदारी म्हणून बाईंनी त्यांचं टेबल बाहेरच्या चहाच्या कोपऱ्यात हलवलं. दिवसभर येणारेजाणारे त्यांच्याकडे साखर मागत राहिले.

संध्याकाळी अप्पा घरी आले. काकू काकडी चिरत होत्या. एरवी अप्पांनी काकडीचं टोक आधी घासावं असं सांगितलं असतं. आज ते नुसते बसले. चहात साखर दुप्पट पडली होती, काही बोलले नाहीत. मुलगी छत्री न घेता बाहेर पडली, तरी गप्प. काकूंनी मुद्दाम ओला टॉवेल खुर्चीवर टाकून बघितला. अप्पा त्याच्यावर बसले.

काकूंनी सुरी खाली ठेवली. "अहो, एक विचारू?"

"हं."

"रविवारी तो दात उतरवायचाय. पोस्टमास्तर फार घाई करतायत. मी सही तर केली, पण मनाला पटत नाहीये. तुम्हाला काय वाटतं? काय करावं?"

अप्पा तिच्याकडे बघतच राहिले. इतक्या वर्षांच्या संसारात या बाईनं त्यांना एकदाही काय करावं असं विचारलं नव्हतं. घराचा रंग, मुलीचं शिक्षण, सासूबाईंचं ऑपरेशन, सगळ्यात त्यांनी न विचारता सांगितलं आणि तिनं न ऐकता केलं. आणि आज, बरोबर आज, ती हात पुसून समोर बसून विचारत होती. उत्तर त्यांच्या तोंडात तयार होतं. एका शब्दाचं उत्तर. 'थांबा.' एवढं म्हटलं की ती कोर्टाच्या फेऱ्यांतून वाचली असती. आणि एवढं म्हटलं की दुसऱ्या कुणाचा तरी विश्वासानं सोपवलेला कागद त्यांनी आपल्या स्वयंपाकघरात उघडा टाकला असता.

त्यांची दातखीळ बसली. खरोखरच बसली. जबडा हलेना.

"वकिलाला विचार," ते कसेबसे म्हणाले.

"कुठल्या? तुमच्या बाईंना विचारू?"

अप्पा उठले आणि घासलेली भांडी पुन्हा घासू लागले. काकू बराच वेळ त्यांच्या पाठीकडे बघत होत्या. मग त्यांनी पदर खोचला, चपला घातल्या आणि "आले हं" म्हणून बाहेर पडल्या.

शुक्रवारी दुपारी वकीलबाई कोर्टातून आल्या त्या तणतणतच. "अप्पा, आत या. दार लावा."

सोसायटीनं आदल्या संध्याकाळीच दुसरा वकील गाठला होता. आमचं ऐकून घेतल्याशिवाय हुकूम देऊ नका, असा अर्ज बाईंच्या अर्जाआधी कोर्टात जाऊन बसला होता. वेल्डरला नको म्हणून निरोप गेला होता. आत डॉक्टर बसले होते, दातओठ खात. दाताचा डॉक्टर दातओठ खातो तेव्हा ते बघवत नाही.

"यांची बायको सेक्रेटरी आहे!" डॉक्टर म्हणाले. "यांनी फोडलं!"

"मी काहीही बोललो नाही," अप्पा म्हणाले.

"मग त्यांना आदल्याच दिवशी कसं सुचलं?"

घरी आल्यावर त्यांनी काकूंना विचारलं, "मी झोपेत बोलतो का?"

"झोपेत तेवढं एक बंद असतं."

"मग तू काल वकील का गाठलास?"

काकू शांतपणे म्हणाल्या, "ते सोसायटीचं कामकाज आहे. सेक्रेटरीला बाहेरच्यांशी बोलता येत नाही."

अप्पा बाहेरचे! घोटभर पाणी पिऊन त्यांनी पांघरूण डोक्यावर घेतलं.

डॉक्टरांनी तक्रार केली ती थेट अप्पांचा वर्ग चालवणाऱ्या संस्थेच्या शिस्त समितीकडे. प्रमाणपत्र थांबलं. सोसायटीत लगेच कळलं की अप्पांवर केस झालीय. पुन्हा लोक यायला लागले, या वेळी फळं न घेता. पोस्टमास्तर म्हणाले, "मला त्या दिवशी नोटरीकडेच शंका आली होती."

चौकशी फर्निचरच्या दुकानावरच्या वर्गातच झाली. मधल्या खुर्चीत एक निवृत्त न्यायाधीश, शेजारी मॅडम, बाजूला वकीलबाई आणि डॉक्टर. अप्पांनी आपलं म्हणणं सांगितलं. "मी 'वकिलाला विचार' एवढंच म्हणालो. ते मी कुत्र्यालासुद्धा सांगतो." न्यायाधीशांनी कुत्र्याचं जरा स्पष्ट करायला सांगितलं. त्यात वेळ गेला. मग ते म्हणाले, "यांच्या पत्नी आल्यात ना? त्यांनाच विचारू."

काकू पुढे आल्या. नीट इस्त्रीची साडी, हातात पर्स.

"तुमच्या यजमानांनी तुम्हाला या प्रकरणाबद्दल काय सांगितलं?"

"काही नाही."

"काहीच नाही?"

"साहेब, हा माणूस आमचं लग्न ठरवायला आला तेव्हा माझ्या वडिलांना खिडकीची बिजागरी कशी बसवावी ते सांगून गेला. तेव्हापासून बोलतोय. दुधाला उकळी कशी आणायची, केर कोणत्या बाजूनं काढायचा, शिंक कशी द्यायची. त्या गुरुवारी मात्र आल्यापासून गप्प. काकडी चिरली, गप्प. ओल्या टॉवेलवर बसला, गप्प. म्हटलं, काहीतरी आहे, आणि ते ऑफिसातलं आहे. मग मी दाताचं विचारलं, तर भांडी घासायला गेले. घासलेली! मला अजून काय कळायचं राहिलं? ह्यांनी तोंड बंद ठेवलं, तीच बातमी होती."

खालचा रंधा नेमका तेव्हाच थांबला. अप्पांची मान खाली गेली होती. गुप्तता राखल्याचा सगळा अभिमान पाण्यात गेला होता, आणि चारचौघांत त्यांच्या शिंकेचाही उल्लेख झाला होता.

न्यायाधीशांचे खांदे हलू लागले. ते हसतायत हे लोकांना जरा उशिरा कळलं. वकीलबाईंनी चष्मा काढून पुसला. मॅडमनी नियमांची पुस्तिका पहिल्यापासून शेवटपर्यंत चाळली आणि म्हणाल्या, "यासाठी नियम नाही."

"मग करू," न्यायाधीश म्हणाले. "यांनी काहीही फोडलेलं नाही. फाइल उघडताच सांगितलं, घरी विचारलं तरी बोलले नाहीत. नियमाप्रमाणे जे करायचं ते सगळं केलं. पण एक आहे. गुपित राखणं पुरेसं नाही, गुपित राखतोय हेही दिसता कामा नये. तेव्हा यांनी यापुढे घरी नेहमीसारखं बोलत राहावं. कचेरीचं सोडून, सगळ्या विषयांवर."

काकू घाईनं उठल्या. "साहेब, हे सक्तीचं आहे?"

"व्यवसायाची शिस्त आहे बाई."

डॉक्टरांची समजूत वकीलबाईंनी घातली. दोन्हीकडचे वकील एकत्र बसले, दात रस्त्याकडे तोंड करून फिरवायचं ठरलं आणि हिरडीतला बिघाड दुरुस्त झाला. आता पोस्टमास्तरांच्या खोलीत मिट्ट काळोख असतो आणि ते पलंगाच्या पायावर आपटतात अशी त्यांची तक्रार आहे. अप्पांना प्रमाणपत्र मिळालं, आणि वकीलबाईंनी त्यांना कायम ठेवून घेतलं.

पण हे सगळं नंतरचं. चौकशी संपली त्या संध्याकाळी दोघं घरी चालत निघाली, तेव्हा अप्पा फुगले होते. शिंकेचं काय कारण होतं? ते दोन पावलं पुढे, ओठ घट्ट मिटून. काकू मागून. चौकात समोरून पोस्टमास्तर येताना दिसले. ते लांबूनच अप्पांचं तोंड निरखत होते.

काकूंनी झपाझप येऊन अप्पांच्या कोपराला धरलं. "अहो, बोला."

अप्पा गप्प.

"बोला म्हणते ना! असं तोंड करून निघालात तर त्यांना वाटेल पुन्हा कसलीतरी केस आहे. उद्या सभा बोलावतील."

अप्पांनी तिच्याकडे बघितलं. तिनं मान हलवली, अगदी मनापासून. पोस्टमास्तर जवळ आले, थांबले आणि "काय, विशेष?" म्हणाले.

"तुमची चप्पल," अप्पा म्हणाले. "टाच एका बाजूनं झिजलीय. म्हणजे तुमचा भार डावीकडे पडतो. त्यानं कंबर जाते. तुम्ही असं करा, आधी उजवा पाय टाकताना…"

"आलोच हं, दूध तापतंय घरी," पोस्टमास्तर म्हणाले आणि आल्या वाटेनं जवळजवळ पळतच गेले.

"अहो, दुधात पळी ठेवा!" अप्पांनी मागून ओरडून सांगितलं.

काकू कपाळाला हात लावून फुटपाथच्या कठड्यावर बसल्या. त्या हसत होत्या की रडत होत्या, हे अप्पांना कळेना. पण असं थंड दगडावर बसू नये, हे त्यांनी तिला लगेच सांगितलं.